शरदातला गावाबाहेरचा मुक्काम

मुंबईहून अहमदाबादकडे जाणारी आगगाडी सुरत सोडून तापी ओलांडते, तेव्हा उत्राणनंतर कोसाड नावाचे लहानसे स्थानक लागते. जलद गाडीतील प्रवाशाचे त्याकडे लक्षही जात नाही. तरी लोहमार्गाच्या इतिहासात या भूमीस मान आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला टप्पा १८६० साली सुरू झाला तो अंकलेश्वर ते उत्राण, आणि कोसाडचे शिवार त्यातच येते. पावसाळा सरला की शहरातील माणसाने चार दिवस खेड्यात, मोकळ्या हवेतील एखाद्या बंगल्यात जाऊन राहावे, ही हौस आज आपणांस स्वाभाविक वाटते. तिचे मूळ शोधताना आम्ही सुरतेपाशी थांबलो, ते या प्रांती तिचा इतिहास उलटा वाचावा लागतो म्हणून.

कारण जुन्या सुरतेत शरद हा विसाव्याचा काळच नव्हता. चार महिने बंद असलेला समुद्र भाद्रपदानंतर खुला होई आणि सुवाळीच्या किनाऱ्यावर जहाजे लागू लागत. वखारीचे गोरे साहेब शहर सोडून तेथे तंबू ठोकीत. त्यांच्यामागोमाग वाणी, दलाल आणि शिधा विकणारे झोपड्यांचा बाजार मांडीत. म्हणजे गावाबाहेर मुक्काम होता, उघडी हवाही होती. फक्त सुटी नव्हती. सुटीचा विहार व्हावयाचा तो शहरालगतच्या बागांतून. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ साली सुरतेस आला. इंग्रज वखारवाले शहराबाहेरील बागेत जाऊन नेमबाजी करीत मन रमवीत, असे त्याच्या वृत्तांतावरून दिसते. श्रीमंतांच्या वाड्यांत विहिरी होत्या, हौद होते, आमराया होत्या.

या बागांस सुख होते, संरक्षण नव्हते. १६६४ च्या जानेवारीत श्रीशिवछत्रपती सुरतेवर आले, तेव्हा त्यांचा तंबू पडला तो बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरील एका बागेतच! दुसरी स्वारी १६७० च्या ऑक्टोबरात झाली, म्हणजे ऐन शरदात. सुरतेच्या सावकारास ज्या ऋतूत समुद्राकडून लक्ष्मी येण्याची आशा, त्याच ऋतूत मराठ्यांचे सीमोल्लंघन. पाऊस ओसरला, नद्यांना उतार झाला, घोड्यांना चारा मिळाला की आपले पूर्वज घराबाहेर पडत ते हवापालटासाठी नव्हे.

मग आपल्या परंपरेत शरदातला निवांत वनविहार मुळी नव्हताच काय? होता, आणि त्याला धर्माचे अधिष्ठान होते. कार्तिकातील आवळीभोजन वाचकांस सांगावयास नकोच. आवळीच्या झाडाखाली पूजा करून तेथेच पंगत मांडावयाची. दक्षिण कानडा व केरळ येथील आपल्या गौड सारस्वत देवस्थानांत तर वनभोजनोत्सवासाठी साक्षात देवच बागेत जातो, आणि मागोमाग सारा समाज. यजमान देव असल्यामुळे तेथे बंगला कोणाचा हा प्रश्न उद्भवत नाही. एका दिवसात सारे आटोपून सायंकाळी मंडळी घरी परततात. आमच्या मते शरदातील सहलीचे हे सर्वांत सुंदर रूप होय. मग त्यास कोणी जुनाट म्हणो.

सुरतेनेही आपल्यापुरता तोडगा काढला आहे. आश्विनी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्यास, सुरती माणूस गच्चीवर, नदीकाठी, नाही तर सरळ रस्त्याच्या कडेला सतरंजी पसरतो आणि चांदण्यात घारी व भुसू खातो. खवा, सुकामेवा आणि तूप यांनी जड झालेली ही मिठाई तात्या टोप्यांच्या सैनिकांसाठी प्रथम झाली, अशी गोष्ट तेथे सांगतात. तिला इतिहासाच्या काट्यावर तोलू नये, घारीबरोबर चाखावी. कोजागरीच्या आपल्या आटीव दुधाची ही धाकटी बहीणच म्हणावयाची.

बंगला आला तो इंग्रजांच्या हवापालटाच्या कल्पनेबरोबर. माथेरान १८५० साली ह्यू मॅलेट यांच्या दृष्टीस पडले आणि १९०७ साली तेथे नेरळहून आगगाडी चढली. खंडाळा-लोणावळ्यास मुंबईकर धनिकांचे बंगले उठले. पुढे शाळा-कचेऱ्यांच्या दिवाळीच्या सुटीने ऑक्टोबरच्या उन्हात तळमळणाऱ्या मध्यम वर्गासही बाहेर काढले. सुरतकरांनी डुमसचा समुद्रकिनारा धरला. आता भोवतालच्या तालुक्यांत ‘फार्महाऊस’ही झाली आहेत.

कोसाडच्या वाट्यास मात्र वेगळेच आले. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली आणि हे खेडे शहरात गेले. पुढे तेथे गरिबांसाठी घरांची मोठी वसाहत झाली. शहरातील झोपड्या उठल्या, तेव्हा कित्येक कुटुंबे या ‘कोसाड आवास’मध्ये आली. जेथे शहरातून मोकळ्या हवेसाठी जावे असे रान होते, तेथे शहरच मुक्कामास आले.

सुरतेच्या कापडधंद्यावर पोट भरणाऱ्यांत खानदेशातून आलेले आपले मराठी लोक पुष्कळ. त्यांची शरदातील सुटी कोणत्याही प्रवासवर्णनात आढळावयाची नाही. दिवाळीला यंत्रमाग थांबले की खोलीला कुलूप लावून ही मंडळी तापीकाठच्या लोहमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे निघतात. डब्यात पाय ठेवावयास जागा नसते. गावी बंगला नसतो. दोन खणांचे घर, शेणाने सारवलेले अंगण, म्हातारे आईबाप आणि कापणीस आलेली ज्वारी असते. विश्रांती म्हणून आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी विळा घेऊन शेतात उतरतो. लाभपंचमीस सुरतेच्या पेढ्या उघडतात, माग पुन्हा खडखडू लागतात, आणि परतीच्या गाडीत बाकांखाली नव्या धान्याची गाठोडी व भरताची हिरवी वांगी कोंबलेली असतात.