कालबैशाखी आणि घरचा स्टँड-टू

३१ मार्च २०२४, रविवार. मी सिक्कीममध्ये पुढच्या चौकीवर होतो आणि कुटुंब उत्तर बंगालमध्ये, बिन्नागुडीच्या छावणीत. दुपारी सौ.चा फोन आला. "आभाळ काळंनिळं झालंय. दारं-खिडक्या लावून घेतल्यात. पण आम्ही नेमकं बसायचं कुठे?" मी तोंड उघडायच्या आत लाइन तुटली. खरं सांगतो, लाइन चालू राहिली असती तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस वर्षं युनिटसाठी आगीचे, पुराचे, बर्फाचे प्लॅन लिहिले. स्वतःच्या घरासाठी एक ओळ लिहिली नव्हती.

त्या दुपारी जलपाईगुडी शहराचा काही भाग आणि मैनागुडीजवळची गावं टोर्नेडोने झोडपली. पाच माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. आमची छावणी तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर, म्हणून वाचली. दीड तासाने फोन लागला. लेक म्हणाली, "बाबा, आम्ही जेवणाच्या टेबलाखाली होतो." ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला आपणहून सुचलं. त्यानंतर मी या वादळांचा इतिहास वाचायला घेतला.

आपल्याकडे ज्याला वळीव म्हणतात, त्याचा बंगालमधला थोरला भाऊ म्हणजे कालबैशाखी. फाल्गुन सरला की छोटा नागपूरचं पठार तापतं. खालून बंगालच्या उपसागराची दमट हवा येते, वरून पश्चिमेची कोरडी हवा. दोघींची गाठ पडली की दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात आणि बहुधा वायव्येकडून चाल करून येतात. म्हणून इंग्रजांनी नाव दिलं नॉर्वेस्टर. आसाममध्ये हीच बरदैचिला. बोहाग बिहूच्या सुमाराला ती माहेरी जाते आणि वाटेत घरं-झाडं उडवत जाते, असं तिथले लोक सांगतात. लेफ्टनंट असताना ही गोष्ट ऐकून मी हसलो होतो. त्याच रात्री आमच्या कूक हाऊसचे पत्रे शेजारच्या चहाच्या मळ्यात सापडले!

यातल्या एखाद्याच ढगातून टोर्नेडोची सोंड खाली उतरते. समुद्रावरच्या चक्रीवादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते. टोर्नेडो मात्र अरुंद पट्ट्यातून काही मिनिटांत निघून जातो आणि त्या पट्ट्यात काही उभं ठेवत नाही.

तारखा बघा. ८ एप्रिल १८३८ : कलकत्त्याच्या पूर्वेकडच्या खेड्यांतून असं वादळ गेलं. त्याचा वृत्तांत एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापलेला आहे. मृतांचा आकडा २१५. ७ एप्रिल १८८८ : ढाक्यात शंभरावर माणसं गेली आणि नवाबाच्या आहसान मंझिल महालाची दुर्दशा झाली. महाल दुरुस्त झाला, त्यावर आज दिसणारा घुमट चढला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला उत्तरेत मुरादाबादजवळ नुसत्या गारांनी २४६ माणसं मारली. २४ मार्च १९९८ : पश्चिम बंगालमधलं दांतन आणि ओडिशातलं जळेश्वर. शंभरावर बळी, त्यांत शाळेत बसलेली मुलं. सगळ्यांत भयंकर २६ एप्रिल १९८९ : बांगलादेशातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागात सुमारे १३०० माणसं गेली. नोंद असलेल्या इतिहासात एका टोर्नेडोने घेतलेले हे सर्वाधिक बळी.

तोफखान्यातल्या माणसाला या यादीत एक गोष्ट लगेच दिसते. शत्रूचा मोसम ठरलेला आहे : मार्च ते मे. वेळही बहुधा ठरलेली : दुपार ते रात्र. दिशासुद्धा माहीत आहे. आपल्या हवामान खात्याने १९४४ मध्येच बंगालच्या नॉर्वेस्टरवर खास टिपण काढलं होतं. माहीत नसतो तो फक्त नेमका दिवस आणि नेमकं गाव. अशा शत्रूसाठी फौजेकडे जुना उपाय आहे, स्टँड-टू. हल्ला होवो न होवो, धोक्याच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या जागेवर.

आणि माणसं मरतात कशाने? बहुतेकदा उडालेल्या पत्र्याने, कोसळलेल्या भिंतीने, पडलेल्या झाडाने. म्हणून सौ.च्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असायला हवं. आमच्या घरचं आता ठरलं आहे.

जागा : तळमजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, खिडकी नसलेली लहान खोली. आमच्याकडे ती सामानाची खोली आहे. खाली बसायचं, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट किंवा जाड गोधडी. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा झाडाखाली कुणी जायचं नाही. ज्याचं घरच पत्र्याचं आहे, त्याने ढग दिसताच शेजारच्या पक्क्या घरात जायचं; त्या शेजाऱ्याशी आजच बोलून ठेवायचं.

पिशवी : टॉर्च, शिट्टी, पाणी, औषधं, कागदपत्रं. पायांत बूट, कारण नंतर सगळीकडे काचा आणि खिळे असतात. शिट्टी ढिगाऱ्याखालून ऐकू जाते, माणसाची हाक थोड्या वेळात बसते.

निरोप : वादळानंतर सगळ्यांनी साताऱ्याला माझ्या थोरल्या भावाला मेसेज करायचा. जवळचे फोन लागत नाहीत तेव्हा लांबचा लागू शकतो. तुटलेल्या तारेजवळ मात्र कुणी फिरकायचं नाही.

आता माजी सैनिक बंधूंसाठी. तुम्ही विदर्भात किंवा मराठवाड्यात शेती करत असाल तर टोर्नेडो तुमच्या वाट्याला बहुधा येणार नाही. वीज मात्र येईल. देशात दरवर्षी दोन हजारांवर माणसं विजेने मरतात. देवळालीला शिकलेला हिशोब आठवा : तोफेचा लखलखाट ते आवाज, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप मोबाईलवर घ्या आणि शेतातल्या गड्यालाही घेऊन द्या.

या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी घरी ड्रिल घेतली. मी नेहमीप्रमाणे लांब होतो, व्हिडिओ कॉलवर. लेकीने शिट्टी फुंकली. आईला आणि आजीला खोलीत बसवून दार लावेपर्यंत एक मिनिट दहा सेकंद लागले. आजी हेल्मेट घालायला तयार नव्हती, त्यात वीस सेकंद गेले. पुढच्या रविवारी पुन्हा घ्यायची आहे.

जय हिंद.