नेव्हिलचे तीन गोल आणि रहीममास्तरांचा वर्ग

१ डिसेंबर १९५६. मेलबर्नचं ऑलिम्पिक पार्क मैदान. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्यपूर्व फेरीत भारतासमोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला भारताचा पहिला गोल झाला, तेहतिसाव्या मिनिटाला दुसरा आणि पन्नासाव्या मिनिटाला तिसरा. तिन्ही गोल एकाच खेळाडूचे होते. ऐंशीव्या मिनिटाला किट्टू म्हणजे जे. कृष्णस्वामी यांनी चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो तीन गोलवाला खेळाडू पहिला आशियाई ठरला. त्याचं नाव नेव्हिल डिसूझा. वय २४. आपल्या मुंबईचा सेंटर फॉरवर्ड.

हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? मी पंचवटीत राहतो. संध्याकाळी गोदाकाठी मुलं खेळताना दिसतात. क्रिकेटवाले जास्त, पण फुटबॉलवालेही आता बरेच आहेत. त्यांच्या अंगावर मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे यांची नावं असतात. वर्गात विचारलं तर मुलं स्वित्झर्लंडच्या शाकिरीचे क्लब एका दमात सांगतात: बाझेल, बायर्न, इंटर, स्टोक, लिव्हरपूल. मला त्याचं वाईट वाटत नाही. खेळाला सरहद्द नसते आणि चांगला खेळाडू कुठलाही असो, तो आपलाच वाटतो. पण मेलबर्नच्या त्या दुपारचा एक धागा गोव्यातून येतो, दुसरा हैदराबादेतून, आणि दोन्ही मुंबईच्या कूपरेज मैदानावर येऊन मिळतात. हा इतिहास मराठी मुलांना माहीत नसावा, याची मात्र खंत वाटते. म्हणून हा लेख.

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या आसगावचा. तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. गोव्याच्या अनेक कुटुंबांची रोजीरोटी मुंबईत होती. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोवेकरांच्या ‘कुडी’ होत्या. एकेका गावाच्या लोकांनी मिळून चालवलेली ही वसतिस्थानं. बोटीवर नोकरीला जाणारे, बँडमध्ये वाजवणारे, स्वयंपाकी, कारकून तिथे उतरत. ही माणसं सोबत कोकणी भाषा, चर्च, संगीत आणि फुटबॉल घेऊन आली. मुंबईच्या हारवुड लीगमध्ये कंपन्यांचे संघ खेळत. चांगला खेळणाऱ्याला कंपनी नोकरी देई. दिवसा ऑफिस, संध्याकाळी सराव. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळला, पुढे कॅल्टेक्सकडून. १९५४ साली मुंबईने राष्ट्रीय स्पर्धेची संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली, त्या संघात तो होता.

आता दुसरा धागा. सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९, हैदराबाद. २०२४ साली ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे त्यांचं नाव थोडंफार लोकांपर्यंत पोहोचलं. पण चित्रपटात प्रशिक्षक जास्त दिसतो. मला त्यांच्यातला शिक्षक जास्त जवळचा वाटतो. रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. ज्या विद्यापीठात विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूतून शिकवलं जात होतं, ते हे विद्यापीठ. पदवीनंतर ते शाळेत शिक्षक झाले. काचीगुडा, उर्दू शरीफ, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी शिकवलं. शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते आणि राष्ट्रीय संघाचेही.

मास्तर खेळ शिकवायला लागला की काय होतं, ते त्यांच्या पद्धतीत दिसतं. त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा घेतल्या की ज्यांत फक्त कमजोर पायानेच खेळायचं. उजवा पाय चालतो ना, मग डाव्याने मारा. काही स्पर्धांत ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू आला की लगेच साथीदाराला द्यायचा. आपण वर्गात काय करतो? ज्या मुलाचं अक्षर सुंदर आहे त्यालाच फळ्यावर सुविचार लिहायला देतो. ज्याचं पाठांतर चांगलं त्यालाच स्नेहसंमेलनात उभं करतो. रहीममास्तर उलट करत. जे येत नाही त्याचीच परीक्षा घेत, आणि जे चांगलं येतं त्याचा मिजास चढू देत नसत. बी.एड.च्या दोन मोठ्या ग्रंथांत जे सापडत नाही, ते इथे एका नियमात सापडतं.

आणि हे सगळं मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कूपरेजवर रोव्हर्स कप व्हायचा. ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचे संघच ती जिंकत होते. १९३७ साली पहिल्यांदा एका हिंदी संघाने हा कप उचलला. तो संघ बंगळूर मुस्लिम्स. पुढे १९४० मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने जिंकला. आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. मुंबईच्या फॉरवर्ड पोरांनी बचाव कसा फोडायचा हे शिकावं, तर समोर देशातला सगळ्यात शिस्तबद्ध संघ दरवर्षी हजर असे.

या तारखांकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पुन्हा पाहा. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं ते सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर. त्या दिवसांत तिथल्या सामान्य मुसलमानांनी काय सोसलं, ते मराठवाड्यातल्या अनेक घरांत आजही दबक्या आवाजात सांगितलं जातं. रझाकारांनी जे केलं होतं, तेही तितकंच खरं आणि तितकंच वाईट. दोन्हीकडच्या जखमा ताज्या होत्या. आणि अवघ्या दोन वर्षांत त्याच हैदराबादचा एक उर्दू शिकलेला मास्तर भारताच्या संघाला शिकवू लागला. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत त्याने इराणला १-० असं हरवून सुवर्णपदक मिळवून दिलं.

मेलबर्नच्या सामन्याच्या बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यपुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. इकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती, मुंबई कोणाची या प्रश्नावर माणसं जीव देत होती. गोव्याचा प्रश्न तर त्याहून अवघड. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली, सरहद्द बंद झाली. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे नेव्हिलने भारतासाठी ते तीन गोल मारले, तेव्हा त्याचं जन्मगाव भारतात नव्हतंच. पाच वर्षांनी ते भारतात आलं. प्रशिक्षकाचं राज्य महिन्यापूर्वी संपलेलं, स्ट्रायकरचं गाव अजून परक्याच्या ताब्यात. आणि दोघे मिळून ज्या जर्सीसाठी झगडत होते ती एकच होती.

त्या संघाची नावं एकदा मोठ्याने वाचावीत. कर्णधार समर बॅनर्जी, म्हणजे बद्रू. पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज, निखिल नंदी, केम्पय्या, कन्नन, किट्टू, मुंबईचा गोलरक्षक एस. एस. नारायण. आणि नूर मोहम्मद, अहमद हुसेन, अझीझुद्दीन, अब्दुल लतीफ, अब्दुस सलाम, कोझिकोडचे अब्दुल रहमान, झुल्फिकारुद्दीन. हे कोणी ‘सर्वधर्मसमभाव’ दाखवायला निवडलेले नव्हते. जो चांगला खेळतो तो संघात, एवढंच. मला या साधेपणाचं फार मोल वाटतं. आज एखाद्या मुसलमान खेळाडूचा एक दिवस वाईट गेला की त्याच्या मोबाईलवर काय काय येऊन पडतं, हे आपण पाहिलेलं आहे.

भारत मेलबर्नला कसा पोहोचला, तेही विसरू नये. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं झोडपलं. त्या माराने शहाणपण आलं. बूट सक्तीचे झाले, पद्धत बदलली. १९५६ मध्ये पहिल्या फेरीत हंगेरीशी गाठ होती, पण हंगेरीचा संघ आलाच नाही. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले होते. त्याच कारणाने स्वित्झर्लंड, स्पेन, नेदरलँड्स यांनी मेलबर्नवर बहिष्कार टाकला. सुएझच्या लढाईमुळे इजिप्त, इराक, लेबनॉन आले नाहीत. जगाच्या भानगडी खेळाच्या दारात अशा येऊन उभ्या राहतात. म्हणून काही लोक म्हणतात, भारताला नशिबाने वाट मिळाली. पहिली फेरी नशिबाची, हे खरं. पण ऑस्ट्रेलियाविरुद्धचे चार गोल नशिबाचे नव्हते. नंतर १२ डिसेंबरला सिडनीत पुन्हा हेच दोन संघ भिडले, तेव्हा भारताने ७-१ असं जिंकून तो वाद मिटवला.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, पुन्हा युगोस्लाव्हियाशी. बावन्नाव्या मिनिटाला भारताचा गोल झाला, आणि तो पुन्हा नेव्हिलचाच. चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले, त्यांच्याविरुद्ध आपण पुढे होतो! काही मिनिटांत बाजी पलटली आणि निकाल ४-१ लागला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असं हरवलं. भारत चौथा. नेव्हिलचे एकूण गोल चार, स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांत तो दोन युरोपीय खेळाडूंच्या बरोबरीने पहिला. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये भारत त्यानंतर इतका वर कधी गेला नाही. १९६० च्या रोमनंतर तर पात्रही ठरलेला नाही.

नेव्हिल परत आला आणि मुंबईच्या मैदानात रमला. १९५८ चा रोव्हर्स कप कॅल्टेक्सने जिंकला. रहीमसाहेबांनी १९६२ साली जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून दुसरं आशियाई सुवर्ण आणलं. तेव्हा कॅन्सरने त्यांना आतून पोखरलेलं होतं. ११ जून १९६३ ला ते गेले. नेव्हिल १६ मार्च १९८० ला गेला, वय अवघं ४७.

माझ्याकडे येणारे पालक विचारतात, “मास्टरसाब, खेळून काय मिळणार आहे?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यंत्रमागावर, गॅरेजमध्ये, हातगाडीवर कष्ट करणाऱ्या बापाचा तो प्रश्न आहे. शाकिरीचं उदाहरण देणं सोपं. तो कोसोव्होत जन्मला, आईबापांच्या बोटाला धरून लहानपणी स्वित्झर्लंडला आला, आणि २०१४ च्या विश्वचषकात होंडुरासविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. त्याच्या बुटांवर स्वित्झर्लंड, अल्बानिया, कोसोव्हो असे तीन झेंडे असत. त्यावरून त्यालाही ‘तू नक्की कोणाचा?’ हा सवाल झेलावा लागला. पण त्याच्यामागे बाझेलसारखा क्लब होता, पगार होता, मुलांना लहानपणापासून घडवणारी यंत्रणा होती. नेव्हिलमागे कंपनीतली नोकरी आणि संध्याकाळचं मैदान, एवढंच. म्हणून मी पालकांना खोटी आशा लावत नाही. शाळा सोडून खेळा, असं मी कधीच म्हणणार नाही.

मी त्यांना एवढंच सांगतो की मैदान हासुद्धा एक वर्ग आहे. तिथे कमजोर पायाने मारायला शिकता येतं. चेंडू दुसऱ्याला द्यायला शिकता येतं, मग तो दुसरा कोणत्या मोहल्ल्यातला, कोणत्या आळीतला, हे विचारायला वेळच मिळत नाही. गोदेच्या एका काठावरची पोरं आणि दुसऱ्या काठावरची पोरं एका संघात आली, तर मला ते एखाद्या शांतता कमिटीच्या बैठकीपेक्षा मोठं काम वाटेल. आणि त्यात मुलीही असाव्यात. त्यांना वगळून संघ पुरा होत नाही.

आपली इतिहासाची पुस्तकं राजे आणि लढाया सांगतात. चौथ्या आलेल्या संघाला त्यांत जागा नसते. म्हणून शिक्षक बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. १ डिसेंबरला परिपाठाच्या वेळी फक्त दोन मिनिटं घ्या. उर्दू शाळा असो की मराठी, मुलांना आसगावच्या नेव्हिल डिसूझाचे तीन गोल आणि हैदराबादच्या रहीममास्तरांचा एक नियम सांगा. मग मधल्या सुट्टीत त्यांना डाव्या पायाने खेळायला सोडा.