पेटीवरचे नाव

४ जुलै १८२५ रोजी नॉर्वेतील स्टाव्हान्गर बंदरातून ‘रेस्टाउरेशन’ हे छोटे गलबत ५२ माणसे घेऊन निघाले आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागले. वाटेत एका मुलीचा जन्म झाल्याने उतरताना माणसे ५३ होती. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. त्यांचे वंशज आज आपल्या आजी-पणजीचा माग काढतात, तेव्हा पुष्कळांचे घोडे एकाच ठिकाणी अडते: तिच्या नावाशी.

नॉर्वेच्या खेड्यांत तेव्हा कायमची आडनावे नव्हती. ओलेचा मुलगा ओल्सेन, मुलगी ओल्सडाटर. पुढे राहत्या शेतवाडीचे नाव. वाडी बदलली की तेही बदले. पण लग्नाने बाईचे ‘डाटर’ सुटत नसे. अमेरिकेत ते सुटले. नवऱ्याने जे आडनाव धरले, तेच तिला लागले.

सरकारी दप्तरातही ती नवऱ्याच्या आडच राहिली. १८५५च्या कायद्यानंतर नवरा नागरिक झाला की बायकोही नागरिक ठरे. १९२२पर्यंत विवाहितेला वेगळा अर्ज नव्हता, म्हणून तिच्या नावचा कागदही नाही. १८६२च्या होमस्टेड कायद्याने अविवाहित बाई किंवा विधवा १६० एकरांवर दावा सांगू शके. नांदत्या बाईला सहसा ती सोय नव्हती. घरात नातवंडांसाठी ती नुसती ‘बेस्तेमोर’, म्हणजे आजी.

उरल्या तिच्या वस्तू. चांदीची ‘सोल्ये’ पिन, प्रार्थनेचे पुस्तक, लाटणे. पण संशोधकाच्या सर्वांत उपयोगाची ती लाकडी पेटी. लोखंडी पट्ट्या, बहुधा गोलसर झाकण, वर ‘रोसेमालिंग’ची वेलबुट्टी. शिडाच्या जहाजावर शिधा आपला आपण न्यावा लागे. म्हणून कपड्यांबरोबर कोरडी पातळ भाकरी आणि सुके मांसही बांधून घेत. अशा पेटीवर मालकाचे किंवा मालकिणीचे नाव आणि साल रंगवीत. बाईची पेटी असेल तर तिथे ‘डाटर’ शाबूत सापडते. आयोवातील डेकोरा गावच्या वेस्टरहाइम संग्रहालयात अशा पेट्या जपल्या आहेत. तिथला संग्रह १८७७पासूनचा. मला या विषयाची ओढ लागली ती आपल्याकडच्या लग्नातल्या भांड्यांवरची नावे उतरवून घेताना.

नाव आणि साल हाती आले की नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने संगणकावर विनामूल्य खुल्या केलेल्या चर्चवह्या आणि १८६५ची जनगणना उघडता येते. मात्र सावध राहावे. पेटी तिच्या आईची किंवा आजीचीही असू शकते, आणि साल प्रवासाच्या कितीतरी आधीचे. वहीतली नोंद जुळल्याशिवाय वंशवृक्षात नाव घालू नये.

घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांना एवढेच सांगणे: जुन्या वस्तूला नवा रंग किंवा कल्हई देण्याआधी तिच्यावरची अक्षरे उतरवून घ्या. एखाद्या बाईचा, तिच्या स्वतःच्या नावाचा, तेवढाच एक लेख मागे राहिलेला असू शकतो.