तळटीप ७ : ‘काँग्रेस’

७. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे व पुढे दौंडास जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा आणि पडीक रानांत माजणाऱ्या ज्या झुडपाची ‘डोईला पांढरी टोपी, अंगाला खाज, नि एकदा वस्तीला आलं की काळी-पांढरी सगळी आपलीच म्हणणारं’ अशी व्याख्या मूळ मजकुरातील म्हातारा परक्या पाहुण्यास ऐकवतो, ते गाजरगवत होय. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन व ‘पांढरी’ म्हणजे गावठाण, हा गावदप्तरातला जुना भेद ध्यानी आल्याखेरीज पांढऱ्या टोपीवरची ही बहारदार कोटी पुरती उमगणार नाही. वनस्पती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. पुण्यातील तिची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, आणि पी. एल. ४८० या अमेरिकी कायद्यान्वये गहू आणण्याचा भारताचा पहिला करारही त्याच वर्षीचा, सबब हे बी गव्हातून आले व अमेरिकी काँग्रेसचे नाव त्यास चिकटले, असेही पुष्कळ लोक सांगतात. म्हाताऱ्याच्या मनात मात्र गांधीटोपीच आहे, याविषयी प्रस्तुत संपादकास शंका नाही. कारण वाटाण्याहूनही लहान असे हे पांढरे फूल जवळून पाहिले असता त्याच्या कडेस पाच इवल्या पाकळ्या दिसतात, पण दुरून सबंध झुडूप पांढऱ्या टोप्यांच्या सभेसारखे भासते. ‘अंगाला खाज’ ही अतिशयोक्ती नव्हे : या झाडातील पार्थेनिन नामक द्रव्याने खुरपणाऱ्या बायांच्या हातांस खरोखरच पुरळ उठते.