तारखेला की तयार झाल्यावर?

ज्या कामाचा पगार मिळत नाही त्या कामाला तारीख कशी घालायची? प्रश्न जुना आहे, पण तो अगदी स्वच्छ दिसतो तो गेल्या पंचवीस वर्षांतल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासात. म्हणून आज आपण तिथून सुरुवात करू.

जगभरचे स्वयंसेवक मिळून एखादी संगणकप्रणाली लिहितात. तिची नवी आवृत्ती कधी काढायची? सुरुवातीचं उत्तर सरळ होतं : तयार झाली की. डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाची एक आवृत्ती जुलै 2002 मध्ये आली आणि पुढची थेट जून 2005 मध्ये. लिनक्सच्या गाभ्याची 2.4 ही आवृत्ती जानेवारी 2001 ची, तर 2.6 डिसेंबर 2003 ची. आता यात आळस नव्हता बरं का! पुढची आवृत्ती कधी येईल याचा भरवसा नाही म्हटल्यावर प्रत्येकाला आपलं काम याच खेपेत घालायचं असे. एकासाठी थांबावं, तोवर दुसरा उभा. तयारीची रेषा अशी पुढे पुढे सरकत राही.

हे समजायला आपल्या बोरिवली स्टेशनसारखी शाळा नाही. चर्चगेटची पुढची लोकल चार मिनिटांत आहे हे ठाऊक असलं की आपण भरलेली गाडी सोडतो. शेवटची गाडी असली की दाराला लोंबकळतो. माणूस तोच, फरक वेळापत्रकाचा.

ग्नोम या प्रकल्पाने 2002 नंतर सहा महिन्यांचं चक्र धरलं. उबुंटूने 2004 मध्ये तोच ताल उचलला आणि आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष-महिना घातला : 4.10 म्हणजे ऑक्टोबर 2004. एप्रिल 2006 ची आवृत्ती जूनवर गेली, तेव्हा 6.04 चं 6.06 करावं लागलं. उशीर नावातच कोरला गेला! लिनक्सच्या गाभ्यानेही पुढे शिस्त लावली. दोन आठवडे नवं काम घ्यायचं, मग सहा-सात आठवडे फक्त चुका दुरुस्त करायच्या.

मग जितकं आखूड तितकं चांगलं का? तसंही नाही. फायरफॉक्सने 2011 मध्ये दर सहा आठवड्यांची आवृत्ती सुरू केली. मोठ्या संस्थांना एक आवृत्ती तपासून बसवेपर्यंत दुसरी दारात. शेवटी 2012 मध्ये त्यांच्यासाठी सुमारे वर्षभर चालणारी वेगळी आवृत्ती काढावी लागली.

आणि इथे प्रश्न आपल्या भाषेशी येऊन भिडतो. 2000 नंतर इंडलिनक्स, इंडिकट्रान्स अशा मुंबईत रुजलेल्या गटांनी ही मुक्त प्रणाली भारतीय भाषांत आणायचं काम हाती घेतलं. मूळ इंग्रजी मजकूर प्रकाशनाआधी काही आठवडे गोठवतात, तेवढ्यात भाषांतर उरकायचं. आता 'फाइल'ला धारिका म्हणावं की फाइलच ठेवावं, हा वाद एवढ्यात मिटतो का? चक्र फार आखूड केलं, तर पडद्यावर अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी दिसते. वाचणारा म्हणतो, त्यापेक्षा इंग्रजीच बरी.

आपल्याकडे तारीखबद्ध प्रकाशनाचा एक भक्कम नमुना आहेच. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. दिवाळी कधी, हे पंचांग ठरवतं. संपादकाच्या हातात ते नाही. उशिरा आलेला लेख पुढच्या खेपेला जातो, आणि लेखक फारसा रुसत नाही, कारण पुढची दिवाळी नक्की असते.

जे करणं शक्य आहे त्याचंच कर्तव्य असू शकतं, हे तत्त्वज्ञानातलं जुनं सूत्र. स्वयंसेवकाला हुकूम देता येत नाही, म्हणून त्याच्यापुढे ठेवायची तारीख त्याला झेपणारी हवी. आमच्या मते चक्राला दोन मर्यादा आहेत. एक खेप हुकली तर पुढचीची वाट बघवेल, इतकं ते आखूड हवं. आणि ज्याच्यावाचून काम अडतं अशा सर्वांत सावकाश माणसाला पुरेल, इतकं लांब हवं. सॉफ्टवेअरमध्ये तो बहुधा तपासनीस किंवा भाषांतरकार असतो. तुमच्या वाचनालयाचं त्रैमासिक असेल, तर मुद्रितं तपासणारा. अंक दर महिन्याला काढायचा ठराव करण्याआधी त्याला विचारा.