सुखात्मे, पांडुरंग वासुदेव

(२७ जुलै १९११–२८ जानेवारी १९९७). भारतीय सांख्यिकीविज्ञ व अन्नधोरणाचे अभ्यासक. जन्म बुध (जि. सातारा) येथे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी (१९३२) घेऊन त्यांनी लंडन येथे पीएच्.डी. (१९३६) मिळविली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत असताना त्यांनी यादृच्छिक रीत्या निवडलेल्या शेतांत प्रत्यक्ष पीक कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याची पद्धत रूढ केली. पुढे १९७० पर्यंत ते रोम येथील अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांना १९७१ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला.

वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दरडोई दररोज २,२५० कॅलरी हे प्रमाण धरून दारिद्र्यरेषा ठरविली. सुखात्मे यांनी या विवेचनपद्धतीस आक्षेप घेतला. निरोगी व्यक्तीचीही ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते व शरीर काही मर्यादेपर्यंत कमी आहाराशी जुळवून घेते. त्यामुळे सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अन्नाइतकेच शुद्ध पाणी व स्वच्छता यांवर त्यांनी भर दिला. शरीराचे हे जुळवून घेणे म्हणजे बालकांची खुंटलेली वाढ व प्रौढांची घटलेली कार्यशक्ती होय, असे टीकाकारांचे म्हणणे होते. प्रमाण बदलताच उपाशी गणल्या जाणाऱ्यांची संख्या बदलते. म्हणून हा वाद केवळ सांख्यिकीपुरता राहिला नाही.