कोच चुकला, पण हे कधी कळलं? फुटबॉलच्या भांडणातून इतिहासाचा एक धडा



पेट पास होऊन आराखडा लिहायला बसलेल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, इतिहास लिहिताना एखाद्याचा निर्णय चुकला असं लिहायचं का? की नुसतं काय घडलं तेवढंच सांगायचं?’ (सर म्हणू नका, अजून माझाच प्रबंध पूर्ण व्हायचाय.) याचं उत्तर पुस्तकातून देता येईल, पण मला ते फुटबॉलच्या भांडणातून जास्त चांगलं समजलं. म्हणून आज फुटबॉल.

१८ डिसेंबर २०२२ ची रात्र. नंदुरबारमधली आमची भाड्याची खोली, एक लॅपटॉप आणि आम्ही सात-आठ जण. विश्वचषकाची अंतिम लढत, अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. ३६ व्या मिनिटाला अर्जेंटिना २-० ने पुढे. ४१ व्या मिनिटाला फ्रान्सचे कोच दिदिए देशाँ यांनी जिरू आणि डेम्बेले या दोघांना बाहेर काढलं आणि मार्कस थुराम व कोलो मुआनी यांना आत पाठवलं. मध्यंतरही झालं नव्हतं! खोलीत एकजण ओरडला, ‘गया रे भो हा कोच! उद्या नोकरी जाते याची.’

मग ८० व्या मिनिटाला त्याच कोलो मुआनीला पाडलं म्हणून फ्रान्सला पेनल्टी मिळाली. एमबापेने पाठोपाठ दोन गोल केले. तोच मित्र म्हणाला, ‘काय डोकं आहे राव कोचचं.’ पुढे जादा वेळ संपता संपता कोलो मुआनी गोलरक्षकासमोर एकटा होता, पण मार्टिनेझने पायाने चेंडू अडवला. पेनल्टी शूटआऊटमध्ये फ्रान्स ४-२ ने हरला आणि मित्राचं मत पुन्हा फिरलं, ‘जिरूला काढायलाच नको होतं.’

निर्णय एकच, पण एका रात्रीत त्यावर तीन निकाल. देशाँ यांनी ४१ व्या मिनिटाला जे केलं ते त्यानंतर बदललं नव्हतं. बदलत होतं ते आपल्याला कळलेलं पुढचं. (नोकरी गेली नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढला.)

आधी नियम बघा

कुठल्याही निर्णयाचा अभ्यास करताना पहिला प्रश्न असा, की हा निर्णय घेणं त्या काळी शक्य होतं का? विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत १९७० पर्यंत खेळाडू बदलताच येत नव्हता. एखादा जखमी झाला तर तो लंगडत खेळायचा, नाहीतर संघ दहा जणांवर खेळायचा. १९७० च्या मेक्सिकोतल्या स्पर्धेत प्रथमच दोन बदलांची मुभा मिळाली. पुढे ते तीन झाले आणि २०२० पासून पाच. म्हणजे ‘शेवटच्या वीस मिनिटांत कोचने काय केलं’ हा वाद मुळात नियमातून जन्माला आला. १९६६ च्या कोचवर ‘बदल उशिरा केला’ असा आरोप होऊच शकत नाही. ऐकायला साधं वाटतं, पण आपल्या प्रबंधात आपण हीच चूक करतो. जो पर्याय त्या माणसाकडे नव्हताच, तो त्याने निवडला नाही म्हणून त्याला दोष देतो.

रॅम्सी : एकदा घाई, एकदा उशीर

१४ जून १९७०, मेक्सिकोतलं लिऑन शहर. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध २-० ने पुढे होतं. कोच आल्फ रॅम्सी, म्हणजे १९६६ चा विश्वचषक जिंकून देणारा माणूस. त्यांनी बॉबी चार्लटनला बाहेर घेतलं. इंग्लंड ३-२ ने हरलं. ही गोष्ट इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अशी सांगितली गेली, की चार्लटनला काढलं, बेकेनबाऊर मोकळा सुटला आणि सामना गेला.

आता सामन्याची वेळेनुसार नोंद बघा. बेकेनबाऊरचा गोल ६८ व्या मिनिटाला, चार्लटन बाहेर ७० व्या मिनिटाला. म्हणजे पहिला गोल झाला तेव्हा चार्लटन मैदानावरच होता! ८१ व्या मिनिटाला मार्टिन पीटर्सच्या जागी नॉर्मन हंटर आला आणि लगेच ८२ व्या मिनिटाला झेलरने बरोबरी साधली. १०८ व्या मिनिटाला जादा वेळेत म्युलरने विजयी गोल केला.

याचा अर्थ रॅम्सी निर्दोष असा नाही. चार्लटन गेल्यावर मधल्या फळीत जर्मनीचा जोर वाढला, असं म्हणायला जागा आहे. पण ‘बदलामुळे पहिला गोल झाला’ हे विधान मात्र क्रमातच मोडतं. लोकांची आठवण कारण आधी ठेवते आणि परिणाम नंतर, मग त्यासाठी घटनांची अदलाबदल करावी लागली तरी चालेल. मुलाखतींवर काम करणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आठवण खोटी नसते, पण तिने क्रम लावलेला असतो, आणि तो तपासावा लागतो.

त्या दुपारी रॅम्सींना काय दिसत होतं? सामना भर दुपारी बाराला सुरू झालेला. चार्लटन ३२ वर्षांचा, तो त्याचा १०६ वा आंतरराष्ट्रीय सामना. तीनच दिवसांनी उपांत्य सामना. संघ एका गोलने पुढे. मुख्य गोलरक्षक गॉर्डन बँक्स आजारी असल्याने पीटर बॉनेट्टी खेळत होता. या माहितीवर एका थकणाऱ्या खेळाडूला विश्रांती देणं वेडेपणाचं होतं का? मला तरी वाटत नाही. धोका होता का? नक्कीच होता.

आता १७ ऑक्टोबर १९७३. वेम्बली मैदान, समोर पोलंड. पुढच्या विश्वचषकात जायला इंग्लंडला विजयच हवा होता. सामना १-१ वर अडकलेला. पोलंडचा गोलरक्षक टोमाशेव्स्की काही केल्या गोल होऊ देत नव्हता. रॅम्सींनी केव्हिन हेक्टरला आत पाठवलं तेव्हा जेमतेम दोन मिनिटं उरली होती. त्याचा एक हेडर गोलरेषेवरून परत फिरला आणि सामना बरोबरीत सुटला. या वेळी आरोप उलटा झाला : बैल गेला आणि झोपा केला!

तोच माणूस एकदा घाईबद्दल दोषी आणि एकदा उशिराबद्दल. १९७० नंतर त्यांची नोकरी टिकली, १९७४ मध्ये गेली. मग नोकरी हेक्टरच्या त्या दोन मिनिटांमुळे गेली का? शाळेत १८५७ शिकताना काडतुसं हे ‘तात्कालिक कारण’ म्हणून पाठ केलं होतं, आठवतंय? इथेही तेच. त्याच पात्रता फेरीत इंग्लंडने जानेवारी १९७३ मध्ये घरच्या मैदानावर वेल्सशी बरोबरी केली होती आणि जूनमध्ये पोलंडमध्ये २-० ने हार पत्करली होती. वेम्बलीची रात्र हे निमित्त होतं. कारणांची रांग त्याआधीच लागली होती.

आपल्याकडे या : गोवा

एवढं लांब जायची गरज नाही. सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये एफसी गोवाचे कोच झाले. मार्च २०१९ मध्ये आयएसएलची अंतिम लढत जादा वेळेत बंगळुरूकडून १-० ने गेली, पण लगेच एप्रिलमध्ये सुपर कप जिंकला. आणि ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ गुणतक्त्यात वरच्या जागी असताना आणि साखळीचे तीन सामने उरले असताना, क्लबने त्यांना निरोप दिला.

पुढे काय झालं? क्लिफर्ड मिरांडा यांनी तात्पुरती सूत्रं घेतली. गोव्याने तिन्ही सामने जिंकले. १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-० ने हरवून साखळीतलं पहिलं स्थान पक्कं केलं, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. त्या दिवशी क्लबचा निर्णय बरोबर दिसत होता. २९ फेब्रुवारीला उपांत्य फेरीचा पहिला सामना चेन्नईत ४-१ ने गमावला. ७ मार्चला फातोर्ड्याला ४-२ ने जिंकूनही एकूण ६-५ ने गोवा बाहेर. आता तोच निर्णय चूक! १९ फेब्रुवारी ते ७ मार्च म्हणजे सतरा दिवस. कोचला काढायचं कारण जे काही होतं, ते ३१ जानेवारीला जेवढं होतं तेवढंच राहिलं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढच्या हंगामातला प्रसंग. लोबेरा आता मुंबई सिटीचे कोच, गोव्याकडे हुआन फेरांडो. ८ मार्च २०२१, उपांत्य फेरीचा दुसरा सामना, बांबोळी. गोल नाही, जादा वेळही कोरा, शूटआऊट समोर दिसतंय. दोन्ही कोचनी एकच निर्णय घेतला : गोलरक्षक बदलायचा. मुंबईने अमरिंदर सिंगला काढून फुर्बा लाचेन्पाला आणलं, गोव्याने धीरज सिंगच्या जागी नवीन कुमारला. शूटआऊट मुंबईने ६-५ ने जिंकलं. पाच दिवसांनी फातोर्ड्यालाच अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून मुंबईने करंडकही नेला.

आता सांगा, गोलरक्षक बदलणं शहाणपणाचं की वेडेपणाचं? निकालावरून मोजायचं ठरवलं तर एकाच सामन्यात, एकाच वेळी घेतलेला एकच निर्णय लोबेरांसाठी बरोबर आणि फेरांडोंसाठी चूक ठरतो. मोजपट्टीच अशी उत्तरं देत असेल, तर बिघाड मोजपट्टीत आहे.

मग इतिहासकाराने काय करायचं?

मूल्यमापन करायचंच. ‘सगळं नशीब’ म्हणून हात झटकणं हाही आळसच. फक्त चार प्रश्न या क्रमाने विचारायचे.

एक, त्या क्षणी कोणते पर्याय खरोखर उपलब्ध होते? दोन, त्या माणसाला तेव्हा काय माहीत होतं, आणि प्रयत्न केला असता तर काय कळू शकलं असतं? यातला दुसरा भाग महत्त्वाचा, कारण माहिती समोर असून डोळेझाक केली असेल तर दोष द्यायलाच हवा. तीन, त्याने दिलेलं कारण निकालाआधीचं आहे की नंतरचं? सामन्याआधीची पत्रकार परिषद आणि वीस वर्षांनी लिहिलेलं आत्मचरित्र ही दोन वेगळ्या वजनाची साधनं आहेत. चार, निकाल उलटा लागला असता तर मी हेच वाक्य लिहिलं असतं का? या चौथ्या प्रश्नावर माझी कितीतरी वाक्यं पडली.

माझा विषय फुटबॉल नाही. मी आपल्याच जिल्ह्यातल्या नर्मदाकाठच्या गावांच्या पुनर्वसनावर काम करतो. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं की, अमुक वर्षी घाट सोडून तळोद्याकडच्या वसाहतीत आलेल्या कुटुंबांनी घाई केली. दुसऱ्या प्रकरणात लिहिलं की, मागे राहिलेल्यांनी उशीर केला. मार्गदर्शकांनी दोन्ही ठिकाणी लाल पेनने एकच ओळ लिहिली : ‘हे त्यांना तेव्हा माहीत होतं का?’

मी गप्प. रॅम्सींवरचे दोन्ही आरोप मी माझ्याच माणसांवर केले होते.

१९९२ मध्ये मणिबेलीतल्या माणसासमोर काय होतं ते बघा. त्या वर्षीच्या जूनमध्ये मोर्स समितीचा अहवाल आला, पण जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली ती मार्च १९९३ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचा धरणाला वाट देणारा निकाल १८ ऑक्टोबर २००० चा. धरणाचं लोकार्पण तर थेट २०१७ मध्ये. पाणी किती चढेल, जमीन कशी मिळेल, धरण थांबेल की नाही, यातलं काहीही नक्की नसताना त्याला ठरवायचं होतं : उठायचं की थांबायचं. कोचची चूक झाली तर नोकरी जाते, दुसरा क्लब मिळतो. इथे शेत, घर आणि देवाची जागा पणाला लागलेली. अशा माणसाबद्दल ‘घाई केली’ असं लिहिताना हात थोडा तरी थरथरायला हवा.

म्हणून एक कामाची सूचना. निर्णयावर लिहायचं असेल तर आधी तारखांचा तक्ता करा. डाव्या रकान्यात काय घडलं, उजव्या रकान्यात ते संबंधित माणसाला कधी कळलं. दोन्ही तारखा क्वचितच एक असतात. आणि हो, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीच्या कागदांवर धुळे जिल्हा असणार, शोधताना ते लक्षात ठेवा.

खोलीवर आता सामना बघताना आम्ही एक नियम केलाय. बदल झाला की मत लगेच सांगायचं, कारणासकट, आणि ते वहीत लिहायचं. शिट्टी वाजल्यावर फिरवायचं नाही. मित्र म्हणतो मजा गेली. मला वाटतं, वाद आता कुठे वाद करण्यासारखा झालाय.

तुमच्या आराखड्यात असा एखादा ‘चुकलेला निर्णय’ असेल तर त्याला हे चार प्रश्न लावून बघा, आणि काय उरतं ते मला कळवा.